मोगलीची नदी आणि हातोरीची भाषा

जानेवारी २०२५ मध्ये 'सकामोटो डेज' ही जपानी ॲनिमे मालिका प्रदर्शित झाली. युतो सुझुकी यांची याच नावाची मांगा, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, 'वीकली शोनेन जम्प' या साप्ताहिकात नोव्हेंबर २०२० पासून प्रसिद्ध होऊ लागली होती. तिच्या आधारे टीएमएस एंटरटेन्मेंट या जुन्या जपानी चित्रसंस्थेने ही मालिका तयार केली. कथानायक तारो सकामोटो हा एके काळचा अजिंक्य मारेकरी. दुकानात काम करणाऱ्या आओई या तरुणीच्या तो प्रेमात पडतो, धंदा सोडतो, लग्न करतो, एका मुलीचा बाप होतो, अंगाने चांगलाच सुटतो आणि एक छोटे दुकान चालवू लागतो. जुने शत्रू त्याचा माग काढत दुकानापर्यंत येतात. परंतु बायकोला दिलेल्या शब्दामुळे त्याला आता कोणाचाही जीव घेता येत नाही. दोन हात तर करायचे, पण कोणी मरता कामा नये, आणि जमल्यास घरच्यांना त्याचा पत्ताही लागता कामा नये, या अडचणीतून मालिकेतील बहुतेक विनोद निर्माण होतो.

एटापल्लीच्या परिसरात पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणाऱ्या आम्हा अध्यापकांचे या मालिकेविषयीचे पहिले मत अनुकूल झाले. हाणामारीच्या प्रसंगांची आखणी चोख आहे. दुकानातील साध्यासुध्या वस्तू शस्त्रांसारख्या वापरल्या जातात, आणि त्या वस्तू प्रेक्षकाच्या रोजच्या ओळखीच्या असल्याने मार खाणाऱ्याबरोबर आपणही चमकतो. नायक फारच कमी बोलतो, त्यामुळे हसू त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या जड देहाच्या अकल्पित चपळाईतून येते. दोषही जाणवतात. शत्रूंची रांग लवकरच लांबत जाते, आणि दुकान व संसार ही या कथेची खरी ताकद मागे पडू लागते. एवढे लिहिले की प्रथमदर्शनी परीक्षणाचे काम संपते.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र येथून सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात वाढलेला, घरी माडिया बोलणारा आणि शाळेत मराठी शिकलेला वीस वर्षांचा विद्यार्थी टोकियोतील दुकानदाराच्या या गोष्टीत इतक्या सहजतेने शिरतो कसा? जपानी चित्रभाषेतील संकेत, म्हणजे कपाळावरचा घामाचा मोठा थेंब, रागाने फुगलेली शीर, हाणामारीच्या ऐन मध्यावर गोठलेला चेहरा, त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. ही ओळख केव्हा झाली, कोणत्या वाटेने झाली आणि कोणत्या भाषेत झाली, हा वाङ्मयीन अभिरुचीच्या इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचे एक टोक आमच्या शेजारून वाहणाऱ्या नदीपाशी सापडते.

१. वैनगंगेचा फेरा

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील लॉकवुड किपलिंग तेथील जे. जे. कलाशाळेत शिकवीत असत. 'द जंगल बुक' (१८९४) आणि 'द सेकंड जंगल बुक' (१८९५) ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली त्या सुमारास किपलिंग अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहत होते. मोगलीचे अरण्य त्यांनी सिवनीच्या डोंगराळ भागात वसवले आणि त्यातून एक नदी वाहती ठेवली: वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी बालाघाट, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतून खाली येते, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा आखते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे एटापल्लीला येणारा प्रवासी आष्टीजवळ वैनगंगा ओलांडतो आणि मग आलापल्लीच्या सागवनात शिरतो. ज्या नदीच्या काठी मोगलीने शेरखानाशी वैर केले, तीच ही नदी. फक्त बरीच खालच्या अंगाला आलेली.

या गोष्टीवर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ५२ भागांची मालिका केली. फुमिओ कुरोकावा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. १९९३ मध्ये तिचे हिंदी रूप दूरदर्शनवर आले. रविवार सकाळ, गुलजार यांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत, या गोष्टी आज चाळिशीत असलेल्या पिढीच्या स्मरणात पक्क्या बसल्या आहेत. 'ॲनिमे' हा शब्द त्या वेळी कोणाच्या कानावरही नव्हता. आपण पाहतो आहोत ते जपानी आहे, याची जाणीव बहुतेक प्रेक्षकांना झाली नाही. भारतातील मोठ्या प्रेक्षकवर्गाची जपानी चित्रमालिकांशी पहिली भेट झाली ती अशी, जपानचे नावही न कळता.

हे घडण्याचे एक कारण भाषिक आहे. किपलिंग यांनी पात्रांची नावे हिंदुस्थानीतून घेतली होती. बालू म्हणजे भालू, बगीरा या नावात बाघ, हाथी तर सरळच, आणि माकडांच्या टोळीला बंदरलोग. ही नावे हिंदुस्थानीतून इंग्रजीत गेली, इंग्रजीतून जपानी उच्चारांत गेली आणि शंभर वर्षांनी हिंदीत परतली, तेव्हा ती परकी वाटण्याचे कारणच उरले नव्हते. मराठीत ही मालिका आली असती, तर अनुवादकाला पहिल्याच भागात थांबून विचार करावा लागला असता. मराठीत भालूला अस्वल म्हणतात आणि बंदराला माकड. मग नावे हिंदीच ठेवायची की नवी पाडायची? हा प्रश्न मराठीला पडला नाही, कारण मालिका मराठीत आलीच नाही. मराठीचा तीत वाटा होता तो वेगळ्या रूपाने. शेरखानाला हिंदी आवाज दिला तो नाना पाटेकर यांनी. मुरूड-जंजिऱ्याचा हा नट सिवनीच्या वाघाच्या तोंडून हिंदीत गरजला आणि साऱ्या देशाने तो आवाज ओळखीचा मानला. २०१६ मध्ये डिस्नेचा नवा 'द जंगल बुक' हिंदीत आला, तेव्हाही शेरखानाचा आवाज पाटेकरांचाच होता. या दोहोंच्या मध्ये, २०१४ साली, समृद्धी पोरे यांच्या 'डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रियल हीरो' या मराठी चित्रपटात त्यांनी प्रकाश आमटे यांची भूमिका केली. आमटे यांचे हेमलकसा एटापल्लीला लागून असलेल्या भामरागड तालुक्यात आहे. मोगलीच्या वाघाचा आवाज अशा रीतीने खऱ्या अरण्याच्या दारापर्यंत येऊन पोचला.

१९९३ साली एटापल्ली तालुक्यातील अनेक टोल्यांवर वीज पोचलेली नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्याला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. त्यामुळे 'एका पिढीचे समान बालपण' असे जे या मालिकेविषयी वारंवार लिहिले जाते, त्यातून या अरण्याच्या आतल्या भागातील मुले वगळावी लागतात. अरण्याची गोष्ट शहरांतील घराघरांत पोचली आणि अरण्यातल्या पुष्कळ घरांपर्यंत पोचली नाही.

२. न बोलणारा गोंड

या गोष्टीत अरण्याचे रहिवासी कोठे आहेत? चित्रपटांमुळे आपली अशी समजूत झाली आहे की मोगलीच्या जंगलात प्राणी राहतात आणि जंगलाबाहेरच्या गावात माणसे. किपलिंग यांच्या मूळ पुस्तकात तिसरा गटही आहे, आणि तो गोंडांचा आहे. 'द किंग्ज अंकस' या कथेत रत्नजडित अंकुशाच्या लोभाने माणसे एकमेकांना मारत जातात. त्या मृत्यूंच्या मालिकेत एक लहान पावलांचा गोंड शिकारी येतो, आणि मोगली व बगीरा त्याच्या पाऊलखुणा व बाण यांवरून त्याला ओळखतात.

'लेटिंग इन द जंगल' या कथेतील प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. मोगलीच्या सांगण्यावरून हत्ती, हरणे, रानडुकरे गावाची शेते उद्ध्वस्त करतात. भयभीत गावकरी जवळच्या गोंडांच्या प्रमुखाला बोलावून आणतात. आपल्या हातून अरण्यदेवतांचा काय अपराध झाला, हे त्याने सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते. किपलिंग या लोकांची ओळख भूमीचे मूळ धनी अशी करून देतात. तो गोंड येतो, गावकऱ्यांकडे काहीशा भयाने आणि काहीशा तुच्छतेने पाहतो. मग रानकारल्याचा वेल उचलून तो देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो, गाव सोडून जाण्याच्या वाटेकडे हात करतो आणि परत आपल्या रानात निघून जातो. गावकरी समजायचे ते समजतात. या साऱ्या प्रसंगात तो एक शब्दही उच्चारत नाही.

कथेच्या दृष्टीने हे मौन फार परिणामकारक आहे, यात शंका नाही. तरीही शिक्षकाच्या नजरेला त्यात आणखी काही दिसते. या अरण्यात लांडगे इंग्रजी बोलतात, अजगर बोलतो, घारही बोलते. गावकरी बोलतात, शिकारी बलदेव तर अखंड बडबडतो. भूमीचा जो मूळ धनी म्हणून सांगितला, तो तेवढा मुका आहे. लेखकाला त्याच्या भाषेचा कानोसा नव्हता. पुढे हीच अरण्यकथा जपानीत गेली, हिंदीत आली, अमेरिकेतून चित्रपटरूपाने परतली, आणि प्रत्येक खेपेला तिला नवे आवाज मिळाले. गोंडी किंवा माडिया या भाषांचा आवाज मात्र या दीर्घ प्रवासात घराघरांत पोचलेल्या कोणत्याही रूपाला मिळाला नाही.

३. हातोरीची शाळा

दुसरी भेट झाली ती २००५ नंतर, उपग्रह वाहिन्यांवर. फुजिको एफ. फुजिओ यांचा 'डोरेमॉन' आणि योशितो उसुई यांचा 'शिनचॅन' हंगामा वाहिनीवर आले, तर फुजिको ए. फुजिओ यांचा 'निंजा हातोरी' निक वाहिनीवर. 'शिनचॅन'वर त्याच्या आगाऊ भाषेमुळे २००८ मध्ये गंडांतर आले आणि तो पुढे काटछाट करून परतला. या लेखाच्या विषयाशी सर्वांत जवळचा आहे तो हातोरी, कारण हाणामारी व विनोद यांचा जोडसंसार त्यानेच आमच्या विद्यार्थ्यांना प्रथम दाखवला.

'निंजा हातोरी' ही मांगा १९६४ मध्ये सुरू झाली. तिच्यावरची रंगीत चित्रमालिका जपानमध्ये १९८१ ते १९८७ या काळात चालली आणि तिचे सुमारे सातशे छोटे भाग झाले. इगा या डोंगराळ प्रदेशातून आलेला छोटा निंजा कांझो हातोरी शहरातील केनिची या सामान्य मुलाच्या घरी राहू लागतो आणि त्याला अडचणींतून सोडवतो. इगा व कोगा ही निंजांची ऐतिहासिक घराणी. सोळाव्या शतकातील तोकुगावा इएयासू याचा सरदार हातोरी हान्झो याच्या नावाची छाया नायकाच्या नावावर आहे. म्हणजे मराठीत एखाद्या बालकथेने बखरीतला वीर उचलून पुण्याच्या एखाद्या वाड्यात भाडेकरू म्हणून ठेवावा, तशी ही कल्पना. रानावनातील विद्या येणारा मुलगा शहरात येतो आणि शहरातल्या मुलापेक्षा प्रत्येक बाबतीत वरचढ ठरतो. ही गोष्ट जंगलपट्ट्यातल्या मुलांना का आवडावी, हे सांगण्याची गरज नाही.

हिंदी रूपांतरात काय बदलले आणि काय टिकले, हे पाहणे उद्बोधक आहे. मुलांच्या तोंडी हातोरीचा सर्रास 'हथोडी' झाला. परके नाव ओळखीच्या शब्दात बसवण्याची ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत. त्याचा कुत्रा शिशिमारू मूळ मालिकेत चिकुवा नावाच्या, माशाच्या लगद्यापासून केलेल्या पदार्थावर जीव टाकतो. हिंदीत त्याचे चॉकलेट रोल झाले. डोरेमॉनच्या दोरायाकीचा डोरा केक झाला. याउलट नोबिता, शिझुका, जियान ही नावे जशीच्या तशी राहिली. यातून एक विलक्षण मिश्रण तयार झाले: घरे जपानी, नावे जपानी, खाऊ इंग्रजी वळणाचा आणि बोलणे हिंदी. एक गोष्ट मात्र वाटेत हरवली. हातोरी जपानीत जुन्या सामुराई काळातील भारदस्त क्रियारूपे वापरतो, आणि लहान मुलाच्या तोंडी ती भाषा ऐकू येणे हाच तेथे अर्धा विनोद आहे. हिंदी ऐकणाऱ्या मुलाला हातोरी मजेशीर वाटला, पण या कारणासाठी नव्हे.

या मालिकांनी महाराष्ट्रातील लहान मुलांना हिंदी शिकवली, हे घरोघरी मान्य झालेले निरीक्षण आहे. शाळेत हिंदीचा तास सुरू होण्यापूर्वीच मूल हिंदीत भांडू लागते. शेजारच्या बांगलादेशात याच कारणावरून फेब्रुवारी २०१३ मध्ये हिंदी 'डोरेमॉन'चे प्रक्षेपण थांबवण्यात आले. मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची तक्रार तेथील संसदेपर्यंत गेली होती. महाराष्ट्रात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचे एप्रिल व जून २०२५ मधील शासननिर्णय तीव्र विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागले. त्या वादात मराठीच्या बाजूने पुष्कळ सबळ मुद्दे मांडले गेले. लहान मुलावर परक्या भाषेचे ओझे नको, विचाराची पहिली भाषा घरचीच हवी, हे त्यांतील प्रमुख. हे मुद्दे आम्हांलाही मान्य आहेत, आणि म्हणूनच ते एटापल्लीला लावून पाहणे आवश्यक वाटते.

४. रसांचा मेळ आणि झाडीपट्टी

तत्पूर्वी या प्रकाराच्या रूपाविषयी थोडे. हाणामारी आणि हास्य एकत्र आल्याने रसभंग होतो, अशी शंका आमच्याच क्षेत्रातील काही जण घेतात. रसशास्त्राचा आधार मात्र तिला मिळत नाही. परंपरेने हास्याचे विरोधी मानले ते करुण व भयानक. वीराचा विरोध भयानक व शांत यांच्याशी. वीर आणि हास्य यांच्यात वैर सांगितलेले नाही. 'सकामोटो डेज'मधील युक्ती याच चौकटीत नीट उलगडते. नायकाने जीव न घेण्याचा शब्द दिलेला असल्याने मरणाची भीती आणि मरणाचे दुःख, म्हणजे हास्याचे दोन्ही विरोधी रस, बहुतेक प्रसंगांतून दूर ठेवले जातात. वीर व हास्य यांना मोकळे रान मिळते. मालिकेच्या पुढच्या भागांत मारेकऱ्यांचे जग गंभीर होत जाते, तेव्हा तोल ढळल्यासारखा वाटतो, त्याचे कारणही हेच.

शिवाय या भागातील प्रेक्षकाला हे मिश्रण शिकण्यासाठी जपानपर्यंत जाण्याची गरज नव्हती. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिच्या नाट्यमंडळींचे मुख्य ठाणे. तेही वैनगंगेच्या काठचे. मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटक चालते, आणि एकाच रात्रीत खलनायकाची दहशत, तलवारींची खणाखणी, गाणी, अश्रू आणि विनोदी नटाचा धुमाकूळ असे सारे घडते. येथला विनोदी नट दुय्यम मानला जात नाही. लोक त्याच्या नावावर नाटकाला जातात. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या, कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या प्रेक्षकाने मारामारी थांबवून चाललेली विनोदी नटाची बोलाचाली पहाटेपर्यंत ऐकली आहे, त्याला हातोरी किंवा सकामोटो यांची लय नवी वाटत नाही. नागर समीक्षेला जी सरमिसळ वाटते, ती येथे नाटकाची सर्वसाधारण प्रकृती आहे.

फरक आहे तो भाषेचा. झाडीपट्टीचे नाटक मराठीत आणि झाडीबोलीत होते, म्हणून त्यातला विनोद गावाच्या अंगणातला वाटतो. हातोरीचा विनोद हिंदीत येतो. आणि माडिया घरातील मुलासाठी दोन्हीही बाहेरूनच येतात.

५. आरसा

एटापल्ली, आलापल्ली ही नावेच येथील भाषिक इतिहास सांगतात; 'पल्ली' हा द्राविड भाषांतील गाववाचक शब्द आहे. गोंडी ही द्राविड कुळातील, तेलुगूच्या नात्यातली भाषा. गोंडीच्या अनेक बोलींत वाघाला पुल्ली म्हणतात आणि तेलुगूत पुली. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. माडिया गोंड हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. उरलेले दोन कातकरी आणि कोलाम.

आता वर उल्लेखिलेले मुद्दे पुन्हा पाहू. मुलाच्या कानावर पडणारी पहिली पाठ्यभाषा घरची असावी. माडिया मुलासाठी ती मराठी नाही. परकी भाषा लादल्याने मूल वर्गात गप्प बसते. माडिया मुलाच्या बाबतीत ती परकी भाषा बहुधा मराठीच असते. हिंदी मालिकांमुळे मराठी मुलाच्या बोलण्यात हिंदी क्रियापदे शिरतात म्हणून आपण हळहळतो. माडिया मुलाच्या बोलण्यात आपली क्रियापदे शिरतात, त्याला आपण प्रगती म्हणतो. मुंबई-पुण्यात जी भाषा स्वतःला दबलेली मानते, तीच एटापल्लीच्या वर्गात दाबणाऱ्या भाषेच्या खुर्चीवर बसलेली असते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि यांपैकी एकच सांगणाऱ्या भाषाभिमानावर येथला विद्यार्थी मनातून विश्वास ठेवत नाही.

याचा अर्थ मराठीची तक्रार खोटी ठरते असा नव्हे. १२ सप्टेंबर २०२५ रोजी 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमेपट भारतातील चित्रपटगृहांत आला, तो जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू ध्वनीत. त्याच वर्षी जानेवारीत पुनःप्रदर्शित झालेल्या 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स रामा' या जुन्या भारत-जपान चित्रपटाचेही नवे ध्वनिरूप हिंदी, तमिळ व तेलुगूतच होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरलेल्या मराठीला व्यापाऱ्यांनी स्वतंत्र भाषा म्हणून मोजले नाही, कारण मराठी प्रेक्षक हिंदीत पाहतोच, असे गृहीत धरलेले आहे. माडिया प्रेक्षक मराठीत शिकतोच, हे आमच्या शिक्षणव्यवस्थेचे गृहीतक त्याच जातीचे आहे. दोन्ही गृहीतके एकाच वेळी सोडली तरच त्यांपैकी एकाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरतो.

ही केवळ सदिच्छा नाही. संविधानाच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची दिशा १९५६ पासून राज्यांना दिलेली आहे. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. मंगलसिंह मसराम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली; म्हणजे संगणकावर गोंडी लिहिण्यातील मोठा तांत्रिक अडसर दूर झाला आहे. ध्वनिमुद्रण तर आज साध्या मोबाइलवर होते.

तेव्हा साहित्याच्या अध्यापकांसमोर एक छोटा उपक्रम ठेवावासा वाटतो. अनुवादाच्या तासाला कादंबरीतील उताऱ्याऐवजी कधी अशा एखाद्या मालिकेतील पाच मिनिटांचा प्रसंग घ्यावा आणि त्याचे संवाद विद्यार्थ्यांकडून आधी मराठीत व नंतर ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत लिहून घ्यावेत. हातोरीच्या जुन्या सामुराई वळणाच्या बोलण्याला मराठीत काय करायचे? बखरीची भाषा दिली तर हसू येईल की नाही? माडियात तेच काम गोटुलात गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोलण्याने होईल का? शिशिमारूच्या चिकुव्याला चॉकलेट रोल म्हणण्याची गरज एटापल्लीत खरेच आहे का, की मासळी खाणाऱ्या या मुलुखात मूळचा मासाच अधिक जवळचा ठरेल? अशा प्रश्नांनी अनुवादसिद्धान्ताचे अर्धे पुस्तक वर्गात आपोआप उघडते, आणि एरवी शेवटच्या बाकावर गप्प असणारा विद्यार्थी त्या तासाला एकटाच जाणकार ठरतो.

आणि जमल्यास शेवटचा स्वाध्याय किपलिंगच्या त्या प्रसंगावर द्यावा. गाव ओसाड पडले आहे, गावकरी भेदरून उभे आहेत, गोंड देवळाच्या दारावर रानकारल्याचा वेल गुंफतो आहे. १८९५ पासून तो गप्प आहे. त्याला त्याच्या भाषेत दोन वाक्ये द्यायची, आणि मग त्यांचे मराठी करून आम्हा शिक्षकांना समजावून सांगायचे.